शिळ्या कढीला चाळीस मिनिटं ऊत: ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट, पार्ट २’

हा सिनेमा बघायला बसणार असाल तर आधीच सांगून ठेवतो. एकूण लांबी ८८ मिनिटं, आणि त्यातली पहिली ४० मिनिटं जवळजवळ सगळी पहिल्या भागातून उचललेली आहेत. नवा भाग आलाय म्हणून १९८७ साली ज्यांनी तिकिटं काढली असतील, त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. समीक्षकांनी तेव्हा धू धू धुतला, आणि तो धुण्याच्याच लायकीचा होता. तरी उरलेल्या भागात असं काहीतरी आहे की माणूस उठून जात नाही. मी तर घरी बायको आणि भाच्याबरोबर बघून झाल्यावर एकट्यानं पुन्हा लावला.

मी इंदूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. जेल रोडवरून कोऱ्या कॅसेटी आणायच्या आणि रामबागेत घरीच दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून रात्रभर कापाकापी करायची, त्या काळापासून करतोय. त्यामुळे सिनेमा बघताना गोष्टीआधी माझं लक्ष जातं ते जोडकामाकडे. कुठे कापलंय, कुठे ताणलंय, कुठे काहीच हाताशी नव्हतं म्हणून पंख्याचा शॉट टाकलाय. आणि हा सिनेमा तर सगळाच जोडकाम आहे.

मागची गोष्ट थोडक्यात. पहिला भाग ९ नोव्हेंबर १९८४ ला अमेरिकेत लागला. बिली नावाच्या पोराच्या डोळ्यांदेखत सांताक्लॉजच्या वेशातला एक दरोडेखोर त्याच्या आईबापाला मारतो. पोरगा अनाथाश्रमात जातो, तिथली मदर सुपीरियर, म्हणजे मुख्य नन, त्याला शिस्तीच्या नावाखाली बडवून काढते. मोठा झाल्यावर तो खेळण्यांच्या दुकानात नोकरीला लागतो, ख्रिसमसला मालक त्यालाच सांताचा झगा घालायला लावतो, आणि मग कुऱ्हाड. गोष्ट म्हणून वाईट नाही. पण सांता कुऱ्हाड घेऊन निघालाय अशी जाहिरात टीव्हीवर लागली, लहान मुलांनी बघितली, आणि आईबाप थिएटरांसमोर फलक घेऊन उभे राहिले. समीक्षक जीन सिस्केलनं तर टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमात सिनेमा बनवणाऱ्यांची नावं एकेक करून वाचली आणि लाज वाटू द्या म्हणून सुनावलं. ट्रायस्टार कंपनीनं आधी जाहिराती थांबवल्या, मग सिनेमाच काढून घेतला. त्याच दिवशी फ्रेडी क्रूगर या गाजलेल्या पडद्यावरच्या खुन्याचा पहिला सिनेमाही लागला होता. तो कुठल्या कुठे गेला आणि हा डब्यात.

(आपल्याकडे त्याच वर्षी रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ जोरात चालला. त्यातल्या सैतानाला कुणाच्या आईनं हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. पण रामसेंचा सैतान मुलांना खाऊ वाटत फिरत नव्हता, हेही खरं.)

बदनाम झालेल्या वस्तूला गिऱ्हाईक असतंच. निर्मात्यांच्या मनात आलं की पहिल्याच सिनेमाची रिळं पुन्हा कापूनजोडून नवा सिनेमा म्हणून विकावा. काम दिलं ली हॅरी या एडिटरला. तो आणि त्याचे सोबती म्हणाले, थोडे पैसे द्या, थोडं नवं शूट करू द्या. मिळाले तेवढ्या पैशांत दहाएक दिवसांत नवा भाग उरकला, दिग्दर्शक म्हणून हॅरीचंच नाव लागलं, आणि सिनेमा एप्रिल १९८७ मध्ये बाहेर पडला. ख्रिसमसच्या खुनांचा सिनेमा, एप्रिलमध्ये! म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात गराडू, हा थंडीत खायचा कंद, तळायला घेण्यातला प्रकार.

आता जुनं फुटेज पुन्हा वापरणं हे काही पाप नाही. आमच्या धंद्यात सगळे करत आलेत. पूर्वी तीन तासांची ई-१८० कॅसेट पूर्ण भरून द्यावी लागायची. शेवटी पंधरा मिनिटं कोरी राहिली की मुलीचे वडील तोंड वाकडं करायचे, पैसे तर पूर्ण घेतलेत ना? मग बँडवाले पुन्हा वाजवताना दिसायचे, मांडवाच्या झालरीवर कॅमेरा उगाच फिरत राहायचा, पंगत लांबायची. एका घरच्या आत्याबाईंनी कॅसेट बघून फोन केला होता. ‘अहो, मी मठ्ठा एकदाच घेतला होता. तुम्ही मला दोनदा घेताना दाखवलंय, तेही एकाच वाटीतून. सोयरे काय म्हणतील?’ लग्नात चारशे माणसं होती. बाईंनी बरोबर स्वतःची वाटी ओळखली.

आत्याबाईंना जे दिसतं ते प्रेक्षकाला दिसत नाही, असं या सिनेमावाल्यांनी धरून चाललेलं आहे. तिथेच त्यांचं गणित चुकतं.

नव्या भागाची मांडणी अशी. बिली मेला, आता त्याचा धाकटा भाऊ रिकी वेड्यांच्या इस्पितळात आहे. समोर डॉक्टर बसलाय, टेबलावर मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर, आणि डॉक्टर विचारतो, बोल बाबा. रिकी बोलायला लागला की पहिला सिनेमा सुरू. पुन्हा खोली. रिकीचा चेहरा, डॉक्टरचा चेहरा, टेपच्या चकत्या. पुन्हा पहिला सिनेमा. हे असं चाळीस मिनिटं होईपर्यंत.

मला खटकलं ते वेगळंच. आठवण दाखवायची असेल तर आठवणारा माणूस तिथे हजर हवा, निदान त्याला कुणी सांगितलेलं हवं. आईबापाचा खून झाला तेव्हा रिकी तान्हा होता, गाडीत होता. बिलीचा आजोबा इस्पितळात त्याला एकट्याला गाठून घाबरवतो, तेव्हा त्या खोलीत या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. प्रसंगाची गंमतच ती आहे. खेळण्यांच्या दुकानात रात्री जे झालं ते सांगायला तिथलं कुणी उरलं नाही. आणि हे सगळं रिकी इतक्या बारकाव्यानं सांगतो की कुणी कुठल्या बाजूनं कुऱ्हाड उचलली तेही चुकत नाही. याचं पटेल असं उत्तर पटकथेत नाही. एक वाक्य टाकलं असतं, की बिली रात्री पांघरुणात मला सगळं सांगायचा, तर अर्ध्याअधिकांचं तरी भागलं असतं. एक वाक्य! शूटिंगचा खर्चसुद्धा नाही, डॉक्टरच्या चेहऱ्यावर आवाज टाकला असता तरी चाललं असतं.

दुसरं, रंग जुळत नाही. पहिला भाग यूटामध्ये हिवाळ्यात घेतलेला. बर्फ, तोंडातून निघणारी वाफ, घरांवर दिव्यांच्या माळा. नवा भाग येतो आणि लख्ख ऊन, हिरवीगार लॉन, अर्ध्या बाहीचे कपडे. एकाच गोष्टीचे हे दोन तुकडे आहेत असं डोळे मानायलाच तयार होत नाहीत. आमच्याकडे सकाळची हळद आणि रात्रीचं रिसेप्शन जोडतानासुद्धा मध्ये दोन शॉट संध्याकाळचे टाकतात.

लाल रंगाचं मात्र त्यांनी बरं जमवलंय, किंवा आपोआप जमलंय. लाल दिसलं की रिकीचं डोकं फिरतं, सांताच्या झग्यामुळे. व्हीएचएसवर काम केलेल्या कुणालाही विचारा, लाल रंग हा त्या फितीचा कर्दनकाळ. कडा सोडून पसरायचा. नवरीचा लाल शालू बाजूच्या करवलीच्या खांद्यावर चढायचा, कॉपीची कॉपी काढली तर नाकडोळेही त्यात बुडायचे. हा सिनेमा बहुतेक लोकांनी पुढे कॅसेटवरच बघितला असणार, आणि त्या लाल डबक्यात तो कसा दिसत असेल या विचारानं मला मजा वाटते. आता मिळणारी प्रत स्वच्छ आहे, रंग जागच्या जागी. स्वच्छ प्रतीत नकली रक्त मात्र सरळसरळ रंगासारखं दिसतं.

बरं, चाळीस मिनिटं पळवा. पुढे रिकीची स्वतःची गोष्ट सुरू होते आणि सिनेमाला अचानक पाय फुटतात.

रिकीचं काम केलंय एरिक फ्रीमन यानं. भरदार अंगाचा, चौकोनी जबड्याचा. हा माणूस अभिनय करतो तो भुवयांनी. प्रत्येक शब्दाला भुवई वर. वाक्य लांबलं तर दोन्ही आळीपाळीनं. आवाज कुठे चढवायचा हे त्याला ठाऊक नसावं, म्हणून सगळीकडेच चढवतो. खून केल्यावर हसतो तेही ‘हा. हा. हा.’ असं सुटं सुटं, लिहून दिल्यासारखं. ‘मामा, याला कुणी सांगितलं नाही का, की माइक जवळ आहे?’ भाच्यानं विचारलं. बायको गराडूची बशी घेऊन आली होती, जिरावण मसाला भुरभुरता भुरभुरता तिथेच उभी राहिली. तिला मारामारीचे सिनेमे अजिबात खपत नाहीत. म्हणाली, ‘अहो, हा मुलगा डोळे केव्हा मिटतो?’ मग आम्ही तेच बघत बसलो. फार कमी मिटतो.

वाईट अभिनय पुष्कळ बघितलाय. बहुतेक वेळा तो कंटाळलेला असतो, नट पैसे घेऊन घरी जायच्या घाईत असतो. फ्रीमन कंटाळलेला नाही. दहा दिवसांचं शूटिंग, टाकाऊ सिनेमा, निम्मा वेळ दुसऱ्याचं फुटेज, आणि हा पठ्ठ्या जणू आपल्यावरच सगळं अवलंबून आहे अशा जिवाच्या करारानं काम करतोय. आणि खरंच त्याच्यावरच होतं.

छत्रीचा खून बघण्यासारखा. रात्रीची गल्ली. वसुलीवाला गुंड एका गरिबाला बुकलतोय. रिकी मध्ये पडतो, हाताला छत्री लागते, ती त्या गुंडाच्या पोटातून आरपार घालतो. इथवर नेहमीचं. पण मग तो छत्रीचं बटण दाबतो आणि पाठीमागून बाहेर आलेली छत्री फटकन उघडते. हा शॉट कुणीतरी बसून ठरवलाय. छत्री उघडण्याच्या आवाजावर कट अचूक बसलाय, एक फ्रेम इकडेतिकडे झाली असती तर विनोद गेला असता. एडिटरनं दिग्दर्शन केल्याचा फायदा कुठे झाला म्हणाल तर इथे.

मग ती प्रसिद्ध दुपार. रिकीची मैत्रीण जेनिफर, तिचा जुना यार, त्याची लाल गाडी. यार टोमणे मारतो. गाडीची बॅटरी चालू करायच्या जंपर वायरीनं रिकी त्याला शॉक देऊन मारतो. जेनिफर किंचाळते, तर गाडीची एरियल मोडून तिचा गळा आवळतो. पोलीसवाला पिस्तूल रोखून येतो, रिकी त्याचाच हात त्याच्याच कपाळाकडे वळवतो. आणि ते पिस्तूल घेऊन हा बंगल्यांच्या शांत रस्त्यावरून, भर उन्हात, आरामात चालत निघतो. पार्श्वसंगीताचा फार गोंधळ नाही, कॅमेऱ्याची करामत नाही. एक माणूस चालतोय आणि दिसेल त्याला गोळी घालतोय.

एक गृहस्थ घरातून कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर येतात. रिकी बघतो, भुवया वर, ‘गार्बेज डे!’ असं ओरडतो आणि गोळी घालतो. हीच ती क्लिप, पुढे इंटरनेटवर जगभर फिरली. सिनेमा कुणी बघितला नसेल, पण ही काही सेकंदं लाखोंनी बघितलीत.

आता हे इंदूरच्या घरात बघितलं जातंय हे लक्षात घ्या. २०१७ साली स्वच्छतेत आमचा देशात पहिला नंबर आला आणि तेव्हापासून अनेक वर्षं तो आम्ही सोडला नाही, हे पाहुण्याला आम्ही पाण्याच्या पेल्याबरोबरच सांगतो. रोज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत दारात येते आणि ओला-सुका एकत्र दिसला तर गाडीवरची बाई चार शेजाऱ्यांदेखत आपली अब्रू काढते. त्यामुळे त्या गोळीनंतर दोन सेकंदं शांतता आणि मग भाचा म्हणाला, ‘मामा, ओला-सुका वेगळा केला नव्हता वाटतं.’ शेजारचे काका सिनेमाला म्हणून नाही, गराडूच्या वासानं आले होते. तेही म्हणाले, ‘अरे भिया, चालान काटना था. एकदम गोळी?’ त्यापुढची पाच मिनिटं कुणाला काही ऐकू आलं नाही. मागे घेऊन पुन्हा लावावं लागलं, आणि पुन्हा तेच झालं.

हसून झाल्यावर मी तो तुकडा पुन्हा नीट बघितला, आवाज बंद करून. तो धडकी भरवतो. भुवया आणि आरोळी बाजूला ठेवली तर उरतो तो साधा, उजेडातला रस्ता. कुठे कोपरा नाही, अंधार नाही, दार करकरत नाही. मरणाऱ्याला काही कळायच्या आत मेलेला. मध्ये एक छोटी मुलगी सायकलवर येते, तिला तो जाऊ देतो, का ते कळत नाही. पुढे एक गाडी अंगावर येते, गोळ्या लागून उलटते, पेटते. पैसे नसलेल्या सिनेमात ही गाडी उलटताना बघून मी खुर्चीत सरळ झालो. अख्ख्या नव्या भागाचं बजेट त्या गाडीत गेलं असेल. शेवटी पोलीस घेरतात, रिकी पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावतो आणि गोळ्या संपलेल्या असतात. पहिल्या भागातल्या सगळ्या बर्फानं आणि घंटांनी जी भीती वाटत नाही, ती या उन्हात वाटते. ली हॅरीला सगळेच्या सगळे पैसे आणि ८८ मिनिटं मोकळी मिळाली असती तर त्यानं काय केलं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

तिथून पुढे घसरण. टेपरेकॉर्डरची फीत डॉक्टरच्या गळ्याभोवती, हे तर मला मनापासून आवडलं. आयुष्यभर ज्या फितीशी झटापट केली ती कुणाच्या तरी उपयोगी पडली. पण मग रिकी सांताचा झगा चढवून मदर सुपीरियरच्या घरी जातो. ती आता व्हीलचेअरवर, चेहऱ्यावर मेकअपचा थर असा की कोपरे सुटलेले दिसतात. पहिल्या भागातली नटी नाही, दुसरीच आहे, आणि चाळीस मिनिटं जुनं फुटेज दाखवल्यामुळे प्रेक्षकाला जुना चेहरा ताजा आठवतोय. स्वतःच्या पायावर धोंडा. पाठलाग लांबतो. दार, जिना, कुऱ्हाड, दार. ज्या रस्त्यावर माणूस नुसता चालत होता तिथे ताण होता, इथे धावपळ आहे आणि आम्ही गराडूच्या उरलेल्या तुकड्यांवरून भांडत होतो. शेवट सांगत नाही. डोळे उघडे, एवढंच.

कुणी बघावा? हॉरर म्हणून बघणाऱ्यानं नाही. रक्तपात सहन होत नसेल त्यानं नाहीच, घरात लहान मुलं जागी असतील तरी नाही, कारण मध्ये उघडेवाघडे प्रसंगही आहेत, बहुतेक पहिल्या भागातून आलेले. पण एडिटिंग शिकणाऱ्या पोरांनी जरूर बघावा. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्याला मी हा सिनेमा दाखवणार आहे आणि सांगणार आहे की जुना शॉट कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते कागदावर उतरव. चार चांगली माणसं जमवून, काहीतरी गरमागरम तळायला घेऊन बघणार असाल तर पहिला भाग आधी बघू नका. इथेच बघून होतो तो.

फ्रीमन यानंतर सिनेमांतून जवळजवळ गायबच झाला. ती क्लिप गाजली तेव्हा चाहते त्याला कित्येक वर्षं शोधत होते, मग सापडला. तिसरा भाग १९८९ चा, तो थेट कॅसेटवरच आला. दिग्दर्शक माँटी हेलमन, म्हणजे नाव असलेला माणूस. त्यात रिकी कोमात आहे आणि त्याच्या कवटीवर पारदर्शक झाकण बसवलंय, आतला मेंदू दिसतो. रिकीचं काम बिल मोझलीनं केलंय. भाचा म्हणतो, मामा, पुढच्या शनिवारी तोही लावू. झाकणाखाली भुवया तरी दिसणार आहेत का, ते आधी बघून सांग म्हटलं.